पाच डॉलरच्या नोटेवरचा रक्तदाता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत मुलीने आणि जावयाने मला कॅरिबियन बेटांच्या क्रूझवर नेले. मंगळवारी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन, बुधवारी ग्रेनेडिन्समधले बेक्वे नावाचे चिमुकले बेट, असा कार्यक्रम ठरलेला होता. मंगळवारी आम्ही सगळ्यांबरोबर बसमध्ये बसलो, हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा पाहिली, रमचा कारखाना पाहिला, समुद्रावर पाऊण तास मिळाला आणि संध्याकाळी जहाजावर परतलो. बार्बाडोस पाहून झाले, असे मीही मनाशी म्हटले. रात्री जेवताना कॅप्टनने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की बेक्वेजवळ समुद्र खवळलेला आहे. एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला तिथे धक्का नाही, प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर न्यावे लागते आणि अशा लाटांत होड्या उतरवणे धोक्याचे आहे. म्हणून जहाज आणखी एक दिवस ब्रिजटाउनलाच राहील.

जेवणघरात नाराजीचा आवाज उठला. पैसे परत मिळतील का, हे विचारायला चौकशीच्या टेबलासमोर रांग लागली. मलाही हळहळ वाटली. पण त्या न ठरलेल्या दिवशी मला जे सापडले, त्याचे नाते नाशिक, पुणे आणि सोलापूर या आपल्या तीन गावांशी आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बुधवारी सकाळी जावई नातवाला घेऊन जहाजावरच्या तलावाकडे गेले. मुलगी म्हणाली, "आई, आज बस नको, काही नको. चालत जाऊ." बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले पुढे आले, आम्ही नको म्हटल्यावर त्यांनीच शहराचा रस्ता दाखवला. ऊन आपल्या कोकणासारखे, पण वारा सतत अंगावर. हस्तकलेच्या दुकानांचे पेलिकन व्हिलेज मागे टाकून वीसेक मिनिटांत आम्ही चीपसाइडच्या मंडईत पोहोचलो.

मंडईत मी खुळ्यासारखी फिरले. भेंडी होती, भोपळा होता, रताळी होती. आमच्या आजोळी रत्नागिरीकडे ज्याला नीरफणस म्हणतात, ते फणस ढिगाने रचलेले होते. भेंडी आणि मक्याचे पीठ घोटून केलेले कूकू आणि त्याबरोबर उडणारे मासे हे तिथले राष्ट्रीय जेवण. घोटण्यासाठी चपटा लाकडी दांडका असतो, तोही तिथे विकायला होता. मॉबी नावाचे सालीचे सरबत प्यायले आणि पहिल्याच घोटाला लहानपणीच्या काडेचिराइताची आठवण झाली. एका आजीबाईंकडे आपल्या अंबाड्याच्या जातीची, पण पेरूएवढी मोठी फळे होती. तिथे त्यांना गोल्डन ॲपल म्हणतात. मी तीन घेतली आणि अमेरिकी पाच डॉलरची नोट दिली. तिथे एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर असा पक्का हिशोब असतो. उरलेले पैसे म्हणून त्यांनी मला पाच बार्बाडोस डॉलरची एक नोट दिली.

नोटेवर एका कृष्णवर्णीय माणसाचे चित्र होते. राष्ट्राध्यक्ष असतील असे मला वाटले. खालचे नाव मुलीने वाचून दाखवले : सर फ्रँक वॉरेल.

संपादक महोदय, हे नाव मी वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून ऐकत आले आहे. माझे वडील नाशिकला शाळामास्तर होते आणि क्रिकेटचे वेडे होते. बापू नाडकर्णी नाशिकचे, याचा त्यांना इतका अभिमान की बापूंनी मद्रासला १९६४ मध्ये लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली, ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. पण आम्हा मुलांना ते दुसरीच गोष्ट सांगत. मार्च १९६२, भारताचा वेस्ट इंडीज दौरा, ब्रिजटाउनला बार्बाडोसच्या संघाशी सामना. आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर फलंदाजीला होते. त्या काळी हेल्मेट नव्हते. चार्ली ग्रिफिथचा उसळलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि कवटीला इजा झाली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवे होते. रक्त द्यायला पुढे आला तो प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल. त्याच्याबरोबर आपले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर आणि दौऱ्यावर आलेले पत्रकार के. एन. प्रभू. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुन्हा कसोटी मात्र खेळू शकले नाहीत. कर्णधारपद २१ वर्षांच्या पतौडींकडे गेले.

वडील शेवटी हमखास म्हणत, "आपल्या नाशिकचं रक्त आणि बार्बाडोसचं रक्त एका बाटलीत गेलं." बाटलीत असे मिसळत नाहीत, हे मला पुढे कळले. कारण पुढे मी रक्तपेढीत तंत्रज्ञ झाले आणि ३३ वर्षे तेच काम केले. ती नोकरी धरताना ही गोष्ट डोक्यात होती का, ते आज सांगता येणार नाही. पण त्या मंडईत नोट हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले, एवढे खरे. आजीबाईंना वाटले की मी पैशांच्या हिशोबात अडकले. मुलीने त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. आणखी एक फळ उचलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकले आणि मैदान कुठे आहे ते हाताने दाखवले.

केन्सिंग्टन ओव्हल तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. दारात सर गॅरी सोबर्स यांचा पुतळा. पहारेकऱ्याला आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्याने लगेच २०२४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा विषय काढला आणि सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल कसा घेतला, ते दोन्ही हातांनी करून दाखवले. याच मैदानावर १९९७ मध्ये सचिनचा संघ १२० धावा करायच्या असताना ८१ वर बाद झाला होता. त्या रात्री आमच्या घरी चूल थंड होती. पण त्या दिवशी मला दोन्ही सामने लांबचे वाटले. मी विचारले, १९६२ चे पॅव्हिलियन कुठे? ते राहिले नाही. २००७ च्या विश्वचषकासाठी मैदान नव्याने बांधले. आता एका स्टँडला वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघांची नावे आहेत आणि दुसऱ्याला हॉल आणि ग्रिफिथ यांची. ग्रिफिथचे नाव वाचून मी क्षणभर थबकले. पण कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याला कधी दोष दिला नाही. लक्ष विचलित झाले होते, असेच ते सांगत आले. मग मी कोण राग धरणार?

पहारेकऱ्यानेच सांगितले की सर फ्रँक यांची कबर केव्ह हिलला, विद्यापीठाच्या आवारात आहे. इथे आम्ही पांढऱ्या रंगाच्या, तांबडा पट्टा असलेल्या व्हॅनमध्ये बसलो. तिथले लोक तिला झेडआर म्हणतात, कारण नंबरपाटीवर ती अक्षरे असतात. साडेतीन डॉलर भाडे, चौथ्या माणसाला बाकावर सरकून जागा द्यायची, आणि गाणी इतक्या मोठ्याने की बोलणे अशक्य. आपल्या वडाप जीपमध्ये बसलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही. शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीने आम्हाला कुठे उतरायचे ते सांगितले.

टेकडीवर थ्री डब्ल्यूज ओव्हल हे विद्यापीठाचे मैदान आहे आणि त्याच्याजवळ तिन्ही डब्ल्यू, म्हणजे इंग्रजीत डब्ल्यूने सुरू होणाऱ्या आडनावांचे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, चिरविश्रांती घेत आहेत. तिघेही जन्मले ब्रिजटाउनमध्येच, अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने. वॉरेल १९६०-६१ मध्ये ऑस्ट्रेलियात संपूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडीजचे नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार झाले. ब्रिस्बेनची ती पहिली बरोबरीत सुटलेली कसोटी त्याच मालिकेतली. आणि १९६७ मध्ये, भारतातून परतल्यावर महिनाभरातच, ४२ व्या वर्षी गेले. आजार होता ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

हे मला ठाऊक होते, पण कबरीपाशी उभे राहून ते वेगळेच लागले. माझ्या नोकरीत ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी मी किती पिशव्या दिल्या त्याची गणती नाही. त्यांना पुन्हा पुन्हा रक्त लागते, प्लेटलेट लागतात, आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. पिशवी मिळेल का हे विचारणारे नातेवाईक खिडकीशी उभे असत. "तुमच्यापैकी कोणी देईल का?" असे विचारले की धडधाकट भाऊसुद्धा मान खाली घालताना मी पाहिले आहेत. अशक्तपणा येईल, कामावर जायचे आहे, घरच्यांना चालणार नाही. आणि इथे एक माणूस, ज्याच्या संघाला आठवडाभरातच याच पाहुण्यांना हरवायचे होते, बाही वर करून बसला. त्या वेळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बऱ्याच रक्तपेढ्या चालत. ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १९९८ पासून बंद झाली. १९६२ च्या त्या रक्ताला कोणी भाव विचारला नव्हता.

आपल्या खेळाडूंचेही तेवढेच कौतुक मला वाटते. वडिलांच्या गोष्टीत बापूच मोठे होते, पण मागाहून लक्षात आले की बोर्डे पुण्याचे आणि उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा. तिघे मायदेशापासून इतके दूर, समोर तुफान गोलंदाजी, आणि त्यातून रक्त दिले. रक्त दिले की ताकद जाते असे मानणाऱ्यांना मी रक्तपेढीत नेहमी सांगत असे : त्यानंतर महिना उलटायच्या आत उम्रीगर यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत डावात पाच बळी घेतले आणि नाबाद १७२ धावा केल्या. यापेक्षा चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

आता मुद्द्याचे. कोलकात्यात बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेल यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते. बंगालचा तर १९६२ च्या त्या दात्यांमध्ये एकही खेळाडू नव्हता. आपले तीन होते. मग नाशिक, पुणे आणि सोलापूर इथल्या क्रिकेट क्लबांनी मिळून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असे शिबिर का घेऊ नये? महिना मी नुसत्या आठवणीखातर सुचवत नाही, गरज म्हणूनही सुचवते. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद होतात, लोक गावाला जातात, शिबिरे होत नाहीत आणि दरवर्षी रक्ताचा तुटवडा पडतो. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. मार्चअखेरीस घेतलेले रक्त एप्रिलभर उपयोगी पडते. मैदानावर सामना ठेवा, दोन्ही संघांनी सामन्यानंतर रक्त द्यावे आणि प्रेक्षकांनाही बोलवावे. तरुण खेळाडूंना सांगा की हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. मुलींच्या संघांना विसरू नका. मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी निघते, पण ते कमी आहे हे कळणे हाही शिबिराचा फायदाच आहे.

माझे वय ६५ च्या पुढे आहे, त्यामुळे मला स्वतःला आता रक्त देता येत नाही. पण नाशिकच्या कोणत्याही क्लबाने शिबिर ठरवले, तर नावनोंदणीच्या टेबलावर दिवसभर बसायला मी येईन. तपासणीचा कागद कसा भरायचा, घाबरलेल्या पोराला कसे बोलते ठेवायचे, चक्कर आली तर पाय कसे वर करायचे, हे सगळे मला येते. ती पाच डॉलरची नोट मी खर्च केली नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे. टेबलावर ती ठेवीन. कोणी विचारलेच, हे कोण, तर सांगायला माझ्याजवळ वडिलांची गोष्ट आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, नाशिक