दादा, एकदा पोटाची सोनोग्राफी कर

लेस्टर (इंग्लंड), रविवार

ती. दादास आणि सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. महिन्यापूर्वी माझ्या पोटातल्या महाधमनीचं, म्हणजे हृदयातून खाली येणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, ऑपरेशन झालं. ती फुग्यासारखी फुगली होती. आता बरा आहे, जिना चढतो. आधी कळवलं नाही म्हणून रागावू नकोस.

इथे पुरुषांना पासष्टाव्या वर्षी सरकारकडून सोनोग्राफीचं बोलावणं येतं. मला काहीच त्रास नव्हता, तरी गेलो. पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवणारी मुलगी बेंबीच्या जरा वर थांबली आणि पुन्हा पुन्हा माप घेऊ लागली. ही धमनी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते, माझी ४.६ भरली. मग दर तीन महिन्यांनी मोजणी. ५.५ झाली की सर्जनकडे पाठवतात, कारण तिथून पुढे ती फुटण्याची भीती मोठी. तीन वर्षांत माझी ५.६ झाली.

आपल्या सायकलचं टायर विरलं की ट्यूब तिथून फुगून बाहेर यायची, आठवतं? तू टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचास. माझ्या पोटात तेच केलंय. दोन्ही जांघांतून तार वर नेली, घडी केलेली कापडी नळी धमनीच्या आत उघडली. तिला धातूच्या जाळीचा आधार असतो. रक्त आता नळीतून जातं, फुगलेल्या भिंतीवर दाब येत नाही. पोट फाडावं लागलं नाही, तिसऱ्या दिवशी घरी. कडेने रक्त झिरपत नाही ना, एवढं बघायला स्कॅन मात्र करत राहायचे. सगळ्यांना हे जमत नाही. काहींचं पोट उघडूनच नळी शिवतात.

आइनस्टाइनलाही हेच होतं. १९४८ साली सर्जननी धमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं, त्यावर तो सहा वर्षांहून जास्त जगला. १९५५ मध्ये ती फुटली.

पण लिहायचं कारण वेगळंच. डॉक्टरांनी विचारलं, वडील कशानं गेले? मी सवयीनं ‘हार्ट’ म्हणालो, आणि गप्प झालो. दादा, आप्पांच्या छातीत कधी दुखलं? कळ पोटात उठली, पाठीत गेली, अंग घामानं थबथबलं. साताऱ्याला पोचायच्या आत जीपमध्येच गेले. खरं काय होतं ते आता कळणार नाही, पण डॉक्टरांनी विचारलं त्या रात्रीपासून माझी झोप उडालीये. हा आजार घराण्यात उतरतो, सख्ख्या भावाला धोका जास्त. त्यात तुला बीपी, आणि बिडी अजून सुटलेली नाही. बिडीनं धमनीची भिंत कमजोर होते, फुगा लवकर वाढतो. आप्पांचीही बिडी होतीच.

आपल्याकडे बोलावणं येणार नाही, तूच जा. सकाळी उपाशीपोटी. ‘महाधमनीचं माप लिहून द्या’ असं स्पष्ट सांग, नाहीतर लिव्हर-किडनी बघून सोडतील. ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर निर्धास्त. जास्त निघालं तरी घाबरू नकोस, मला लगेच कळव.

वहिनी, हा टाळाटाळ करेल. तुम्ही सोबत जा, आणि रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मी वाट बघतोय.

तुझा,
बाळू