काका, भिंतीवरची ती खूण पुसू नका

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री वाड्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही "अगं, आई वाट बघत असेल" म्हणून गाडी वळवलीतसुद्धा. कुणी आभार मानायला लागलं की तुम्हाला लगेच काहीतरी काम आठवतं, हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. म्हणून हे जाहीर पत्र.

शेजारचं घर पाडून नवं बांधायचं काम दोन महिने चाललं आहे. सकाळी नऊला ड्रिल सुरू होतं ते संध्याकाळी सहापर्यंत, आणि माझ्या नोकरीची वेळही तीच. 2020 पासून मी घरूनच पगारांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम करते. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला तुम्ही आलात, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून, ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी उभ्यानं मीटिंग करत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मंगळवारी सहाला तयार राहा. चार्जर घे. आईजवळ काकू येऊन बसेल."

काका, त्यातलं शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. कुठेतरी शांत जागी जाऊन काम कर, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. गुडघ्यांनी घरात अडकलेल्या आईला दुपारचं औषध कोण देणार, हे तुमच्याशिवाय कुणाच्या मनात आलं नव्हतं.

डभोईच्या हिरा भागोळीपाशी, त्या जुन्या वेशीजवळ, चहा घेताना तुम्ही नॅरोगेज रेल्वेची गोष्ट सांगितलीत. 1862 साली मियागाम ते डभोई गाडी सुरू झाली, तेव्हा रुळांवरचे डबे बैल ओढायचे. मी डभोईला किती वेळा गेले असेन, पण हे मला माहीत नव्हतं. आणि कुणाचं बोलणं मध्ये न तुटता ऐकूनही कितीतरी दिवस झाले होते.

वढवाणा तलावाकाठच्या तुमच्या मित्राच्या शेतातली ती कौलारू खोली. एक खाट, एक टेबल, पाण्याचा माठ, पाण्याकडे उघडणारी खिडकी. खिडकीशेजारी भिंतीवर खडूनं काढलेला बाण आणि त्याखाली तुमच्या ठसठशीत अक्षरात 'इथे रेंज'. फोन तिथे टेकवून ठेवला आणि दिवसभरात कॉल एकदाही तुटला नाही. दुपारी शेत राखणारे भाई पाणी द्यायला आले, त्यांनी सांगितलं की काका रविवारीच येऊन गेले, तासभर फोन हातात धरून खोलीभर फिरत होते. जाऊन येऊन शंभर किलोमीटर, काका. माझ्या फोनला चार रेघा मिळाव्यात म्हणून! दूरसंचार खात्यात उभी हयात काढलेल्या माणसालाच हे सुचावं. मंगळवारी येताना मात्र तुम्ही याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

कामाचंही सांगते, कारण तुम्ही परतताना "झालं का काही?" एवढंच विचारलंत आणि मी नुसतं "हो" म्हटलं. तीन आठवडे एका पगारपत्रकाची बेरीज काही रुपयांनी चुकत होती. आमचा प्रोग्राम प्रत्येकाच्या पगारातले पैसे आधी रुपयात पूर्ण करून मग बेरीज करत होता, आणि ताळ्याचा कागद आधी बेरीज करून शेवटी एकदाच रुपयात आणत होता. एकेका माणसामागे पैशांचाच फरक, पण शेकडो माणसांचा साठत गेला की रुपये होतात. घरी हीच ओळ मी कितीदा वाचली असेल. तिथे साडेअकराला वाचली आणि दिसली.

मग काकूंचा डबा. उसळ एका पुडात, तिखट तरी दुसऱ्यात, शेव कागदाच्या पुडीत वेगळी, मऊ पडू नये म्हणून. आईजवळ बसायला जायचं असताना काकूंनी हे पहाटे कधी केलं?

जेवताना तुम्ही तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, बोट दाखवून म्हणालात की हे सगळं सयाजीराव महाराजांच्या काळातलं, शेतीसाठी बांधलेलं, ओरसंग नदीचं पाणी जोजव्याहून कालव्यानं इथे आणलं. पक्षी नंतर आपणहून आले. 2021 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं ते त्यांच्यामुळे.

जेवण झाल्यावर मी पुन्हा टेबलाशी बसले आणि तुम्ही वर्तमानपत्र घेऊन लांब पाळीवरच्या झाडाखाली. चारच्या मीटिंगमध्ये पुण्याहून कुणीतरी विचारलं, मागे कसला आवाज येतोय? मी कॅमेरा खिडकीकडे वळवला. दोन मिनिटं कुणीच कामाचं बोललं नाही.

साडेपाचला लॅपटॉप मिटेपर्यंत तुम्ही एकदाही आत डोकावला नाहीत. बाहेर आले तेव्हा दुर्बीण हातात देऊन एवढंच म्हणालात, "आता बघ." कपाळावर पांढरा टिळा लावलेले चांदवे, जोडीनं बसलेले केशरी चक्रवाक, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून आलेले हंस. अंधारू लागलं तसे ते थव्याथव्यानं उठून शेतांकडे चरायला निघाले, अगदी आपल्या डोक्यावरून. पंखांचा वारा कापणारा आवाज ऐकू येत होता. मी रडत होते ते तुम्ही पाहिलंत आणि दुर्बीण परत मागितली नाहीत.

घरी आले तर आई काकूंबरोबर पत्ते खेळत होती. तीन डाव जिंकली म्हणे. औषध वेळेवर झालं होतं.

शेजारचं ड्रिल बुधवारी पुन्हा सुरू झालं. ते अजून महिनाभर चालेल. पण चुकलेली बेरीज जुळली आहे, आणि आई रोज विचारते, ते टिळेवाले पक्षी मलाही दिसतील का? पाळीपर्यंत गाडी जाते ना, काका? तिला फार चालवणार नाही.

काकूंचा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नाही, एवढं मला कळतं. रविवारी सकाळी चिरोटे घालून आणते. तेव्हा तरी घरी थांबा.

तुमची,
वाड्यातल्या वरच्या मजल्यावरची