लाँग केन्सचा दगड आणि त्यावर नसलेली माणसे

महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 250 वर्षे होत असल्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत चाललेली लेखमाला मी नेमाने वाचतो. ताज्या लेखात स्कॉच-आयरिश, म्हणजे आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या स्कॉटिश वंशाच्या वसाहतवाल्यांना दोनच परिच्छेद मिळाले आणि त्यांत ते धर्मासाठी देश सोडून रानात गेलेले साधे, कष्टाळू लोक ठरले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यांच्यातल्या एका घराण्याचा, कॅल्हून मंडळींचा, इतिहास पाहिला की काय सुटले ते कळते.

आधी मूळ गाव. 1609 नंतर इंग्रजी राजसत्तेने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात मूळ आयरिशांच्या जमिनी काढून घेऊन तिथे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाचे) लोक आणून बसवले. म्हणजे अमेरिकेला जाण्याआधीच हे लोक एकदा दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेले होते. पुढे त्यांनाही चटके बसले. 1704 च्या कायद्याने सरकारी पदांसाठी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य पंथाची अट आली. पट्ट्यांची मुदत संपली की जमीनदार खंड वाढवत, त्यात पिके बुडत. माझ्या मते यांना जहाजात बसवणाऱ्या कारणांत धर्माइतकाच, कदाचित जास्तच, खंड होता. आपल्याकडे कुळांचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. 1717 पासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंत अडीच लाखांच्या आसपास माणसे अशी गेली असावीत, असा अंदाज केला जातो.

कॅल्हून कुटुंब 1733 मध्ये अल्स्टरमधल्या डोनेगलहून पेनसिल्व्हेनियात आले. त्या वसाहतीचे सचिव जेम्स लोगन स्वतः अल्स्टरमध्ये जन्मलेले, पण आपल्याच या मुलखवाल्यांनी ते हैराण झाले होते. हे लोक मोकळी दिसेल ती जमीन धरून बसत आणि विचारले तर सांगत, की इतके ख्रिस्ती लोक जमिनीविना असताना एवढी जमीन पडीक ठेवणे देवाच्या कायद्याविरुद्ध आहे. ती जमीन पडीक नव्हती, तिथे शिकार करणारे, मका पिकवणारे लोक होते, हा मुद्दा त्या उत्तरात कुठेच नव्हता.

घरातला कर्ता पुरुष पेनसिल्व्हेनियातच वारला. त्याची विधवा कॅथरीन मुलांना घेऊन दक्षिणेकडे, व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात सरकली. 1755 मध्ये इंग्रज जनरल ब्रॅडॉकचा फ्रेंच आणि त्यांच्या मित्र जमातींकडून पराभव झाला, सरहद्द उघडी पडली, तेव्हा पुन्हा बाडबिस्तरा आवरून 1756 मध्ये ही मंडळी दक्षिण कॅरोलायनात लाँग केन्स नावाच्या ओढ्याकाठी आली. तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, चेरोकींच्या, मते त्या ओढ्यापलीकडची जमीन त्यांची होती.

पुढे जे झाले त्याची सुरुवात चेरोकींनी केली असे कुळकथांत वाचायला मिळते. पण 1758 मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढून घरी परतणाऱ्या चेरोकींना व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील वसाहतवाल्यांनी घोड्यांच्या भांडणावरून ठार केले होते. 1759 मध्ये तहाची बोलणी करायला चार्ल्सटनला आलेल्या चेरोकी मुखियांना दक्षिण कॅरोलायनाचा गव्हर्नर लिटलटन याने कैद केले. बोलणी करायला आलेल्यांना धरून ठेवायचे आणि मग समोरच्याला विश्वासघातकी म्हणायचे, हा प्रकार कोणत्याच देशात नवा नाही.

1 फेब्रुवारी 1760 रोजी लाँग केन्सचे सुमारे दीडशे लोक गाड्या भरून जॉर्जियातल्या ऑगस्टाकडे पळत असताना चेरोकींनी त्यांना गाठले. 23 माणसे मारली गेली, त्यांत 76 वर्षांची कॅथरीन. तिच्या दोन लहान नातींना पकडून नेले. त्यांपैकी अ‍ॅन कित्येक वर्षांनी परत आली. कॅथरीनचा मुलगा पॅट्रिक मृतांना पुरायला मागे आला आणि पुढे त्याने तिथे दगड उभारला. त्यावर आईचे नाव, वय, तारीख आणि तिच्याबरोबर इथे ‘इंडियनांनी खून केलेल्या’ आणखी 22 जणांचा उल्लेख आहे. तो दगड वाचताना मन हलते, आणि हलायलाच हवे.

आता याच पॅट्रिकचे उरलेले आयुष्य बघा. सरहद्दीवरच्या लोकांना मतदान करता येत नाही, मतदान केंद्रे सगळी किनाऱ्याकडे, म्हणून तो शेजाऱ्यांना घेऊन बंदुकांसह केंद्रावर गेला आणि निवडून आला, अशी गोष्ट त्या घराण्यात सांगितली जाई. प्रतिनिधित्वाशिवाय कर नको म्हणणाऱ्या पिढीला शोभणारी गोष्ट. त्याच पॅट्रिकच्या नावावर 1790 च्या पहिल्या जनगणनेत 31 गुलाम नोंदलेले आहेत. त्यातल्या एकाला, अ‍ॅडमला, त्याने चार्ल्सटनहून विकत आणले असे सांगतात. अ‍ॅडमचा मुलगा सॉनी पॅट्रिकच्या मुलाचा बालपणीचा सोबती. हा मुलगा म्हणजे 1782 मध्ये जन्मलेला जॉन कॅल्हून. तो पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि 1837 मध्ये सिनेटमध्ये उभा राहून त्याने गुलामगिरी ही निव्वळ नाइलाज नसून चांगली गोष्ट आहे असे ठामपणे मांडले. सॉनीसोबत खेळलेला माणूस हे बोलला.

या घराण्यावर दात ठेवून मी हे लिहीत नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची मोठी परंपरा आहे. त्यांतही इनाम कधी मिळाले याची सनद असते, पण त्या जमिनीवर आधी कोण राबत होते त्याची ओळ सापडत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या घराण्यांचा इतिहास छापताना आपण तरी तो जसाच्या तसा उचलू नये असे वाटते.

अमेरिकेत यावर फेरविचार झालाच आहे. येल विद्यापीठाने 2017 मध्ये कॅल्हूनचे नाव असलेल्या महाविद्यालयाचे नाव बदलून ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ नौदल अधिकारी महिलेचे दिले. चार्ल्सटनमधला त्याचा उंच पुतळा जून 2020 मध्ये उतरवला गेला. त्यावर तिकडे अजूनही वाद चालू आहेत. आपल्या लेखात त्यांचा निर्देशही नव्हता.

लेखमालेचा पुढचा भाग 1763 सालाचा असणार असे जाहीर झाले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅक्सटन भागातल्या स्कॉच-आयरिश टोळीने पेनसिल्व्हेनियात कोनेस्टोगा जमातीची 20 निःशस्त्र माणसे दोन हल्ल्यांत मारली. त्यातली 14 सरकारच्या आश्रयाने लँकेस्टरच्या इमारतीत ठेवलेली होती, मुले धरून. त्या भागात या घटनेला जागा मिळावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा