सेंच्युरियन किट: स्प्रू डी पाठवा, कूपन नको

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअर

विषय: सेंच्युरियन मार्क ७ टँकचं १/३५ स्केलचं प्लास्टिक मॉडेल किट (भारतीय लष्कर १९७१), स्प्रू डी नाही, बॅरल खराब, आणि तुमच्या लोकांची उत्तरं

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि डोकं थंड व्हायची वाट न बघता लिहायला बसलोय, कारण थंड डोक्याने केलेल्या मेलना तुमच्याकडून काय उत्तर येतं ते बघून झालंय.

मुद्दा एवढाच आहे. बॉक्समधे स्प्रू सी (स्प्रू म्हणजे पार्ट जोडलेली प्लास्टिकची फ्रेम) दोनदा भरलाय आणि स्प्रू डी भरलेलाच नाही. किट तुमचंच आहे, त्यामुळे सी वर रोड व्हीलचे आतले अर्धे असतात आणि डी वर बाहेरचे हे तुम्हाला सांगायला नको. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, दोन्ही बाजूंना मिळून बारा, म्हणजे बारा आतल्या चकत्या आणि बारा बाहेरच्या. माझ्याकडे आतल्याच चोवीस आल्यात. ज्या बाजूला हब आहे, बोल्ट आहेत, जी शोकेसमधे ठेवल्यावर माणसाला दिसते ती बाजू एकाही चाकाला नाही. दोन्ही फ्रेमच्या टॅबवर सी अक्षर उठलेलं स्पष्ट दिसतंय, शेजारी शेजारी ठेवून फोटो काढून पाठवलाय, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पण पाठवला, तर तो फाईल मोठी आहे म्हणून परत. छोटा करून पाठवला तर क्लिअर नाही म्हणून परत. धन्य आहे.

आता आजच्या फोनबद्दल, आणि हे तुम्ही पूर्ण वाचावं अशी माझी इच्छा आहे, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच. बराच वेळ म्युझिक ऐकवल्यावर एक मॅडम आल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, सी काय, डी काय, चाकं काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, टॉय चालू होत नाहीये का?"

मी म्हणलं, मॅडम हे चालणारं नाहीये, स्टॅटिक किट आहे, जोडायचं आणि रंगवायचं असतं.

"ओके सर, चालत नाहीये. सेल चेक केलेत का?"

सेल लागतच नाहीत हो याला.

"सर, सेल बॉक्ससोबत येत नाहीत, ते आपल्याला सेपरेट घ्यावे लागतात."

मी कपाळाला हात लावला. वास्तविक त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, फक्त साठेक वर्षं उशिरा आला, कारण १९६१ साली जपानच्या टामिया कंपनीने पँथर टँकचं मॉडेल काढलं तेव्हा आत मोटर आणि सेल मावावेत म्हणून त्या मॉडेलचा साईझ ठरवला होता आणि नंतर मोजल्यावर तो साधारण १/३५ भरला, तेच स्केल मग सगळ्या जगाने उचललं. हे मी मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पँथर नावाने दुसरी कंप्लेंट टाकली असती.

मग सीनियरना द्या म्हणलं. सीनियर आले, आवाजात एकदम कॉन्फिडन्स. "सर, मॅन्युअलप्रमाणे चाकांचे पार्ट किती?" चोवीस. "आणि तुम्हाला मिळाले किती?" चोवीस, पण सगळे आतले, बाहेरचे... "मग काउंट टॅली होतोय सर, मिसिंग काहीच नाही." माणसाला दोन्ही डावे बूट दिले तरी यांचा काउंट टॅलीच होणार. वर मला सांगतात की रंग दिल्यावर फरक कळणार नाही. रंगाने बोल्ट उगवतात हे माहीत असतं तर इतकी वर्षं एअरब्रशवर आणि फोटो-एचच्या बारीक धातूच्या पार्टवर पैसे कशाला घालवले असते मी? आणि शेवटी गुडविल म्हणून कूपन, १० टक्के, तेही फक्त किड्स कॅटेगरीवर!

बॅरलबद्दल मेलमधे लिहिलंच होतं, त्यावर एक अक्षर आलं नाही म्हणून परत लिहितो. दोन अर्ध्यांचं बॅरल दिलंय, ठीक आहे, जुना मोल्ड असेल, पण दोन्ही अर्धे एकमेकांवर बसत नाहीत, जोडावर सरळ सरळ पायरी दिसते. मार्क ७ ची २० पाउंडर गन म्हणजे ८४ मिमी कॅलिबर, १/३५ ला नळीचं तोंड जेमतेम २.४ मिमी, तिथे पायरी घासायला गेलं की गोल नळी अंड्यासारखी होते. बॉक्सवर तुम्ही बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१, पूना हॉर्स असं मोठ्या अक्षरात छापलंय. त्या लढाईत याच पूना हॉर्स रेजिमेंटच्या अरुण खेत्रपालांनी गन अजून चालू आहे म्हणून पेटलेला टँक सोडायला नकार दिला, वय वर्षं २१, परमवीर चक्र. त्यांच्या नावावर किट विकायचं आणि त्यात गनच धड द्यायची नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी या किटसाठी नगरच्या टँक म्युझियममधे जाऊन सेंच्युरियनचे फोटो काढून आणलेत, सस्पेन्शनचे, चाकांचे, एक्झॉस्टचे. चाकांचे फोटो आता नुसते बघायला.

किट सासऱ्यांना द्यायचंय. ते ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-टँक दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, रिटायर झालेत, हातात घेतल्यावर आधी चाकांकडेच बघणार आहेत, रंगाकडे नाही. त्यांना मी काउंट टॅली होतोय असं सांगू का?

पावसाळ्यात मला लॅकर रंग मारता येत नाही, दमट हवेत ब्लशिंग होऊन पांढरा थर येतो, म्हणजे आत्ता डी आला नाही तर प्रायमरच पाऊस संपल्यावर. रिटर्नचं म्हणाल तर "पॉलिबॅग फोडलीये म्हणून रिटर्न नाही" असं उत्तर आलंय. बॅग न फोडता आत कुठला स्प्रू आहे ते बघायची काही युक्ती असेल तर तीही कळवा.

तुमची सुरुवातीची किट्स मी बनवलीयेत. तेव्हा एक छोटा पार्ट तुटलेला निघाला तर पुढच्या आठवड्यात पाकीट घरी यायचं, कोणी सेल विचारत नव्हतं. म्हणूनच जास्त राग येतोय. इथल्या ग्रुपमधले दोघं-तिघं हेच किट घ्यायचं म्हणत होते, त्यांना मी थांबवलंय.

मला हवंय ते असं: स्प्रू डी, एक. बॅरलचे दोन्ही अर्धे नीट बसणारे, किंवा सरळ मेटल बॅरल. कुरियरचा खर्च तुमचा. १५ दिवसांत आलं नाही तर ग्राहक आयोगात जाणार आहे, फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय. मेहुणा वकील आहे असल्या धमक्या देत नाही, पण आहे तो.

ता. क. हे टाईप करत असतानाच मेसेज आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या सोडवून तिकीट क्लोज केलंय. ते आधी परत ओपन करा.