चौथा एक्सॉन आणि अळू

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

प्रकल्पाच्या ऋणनिर्देशात तुझ्या वाट्याला एकच ओळ आली, तीही प्राचार्य, विभागप्रमुख आणि ग्रंथपालांच्या मागून. म्हणून हे उघडं पत्र.

विषय घेतला तेव्हा सोपा वाटला होता. बीआरसीए१ या जनुकाची रचना माणूस, उंदीर आणि कुत्रा यांच्यात ताडून बघायची. हे जनुक बिघडलं की स्तनाच्या नि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, एवढं ठाऊक होतं. घोडं अडलं एक्सॉनच्या, म्हणजे जनुकाचे जे तुकडे जोडून शेवटचा संदेश बनतो त्यांच्या, मोजणीतच. शोधनिबंधांत माणसाच्या शेवटच्या एक्सॉनचा क्रमांक २४, आणि एन्सेम्बल या जनुकांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या यादीत भरत होते २३. फाइल अर्धवट आली असेल म्हणून चार दिवस पुन्हा पुन्हा उतरवली. दर वेळी रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर!

तिथूनच तुला फोन लावला. पावसात निम्मे शब्द वाहून जात होते. तू म्हणालीस, "अगं, चौथा नाहीच. तो आलू होता." मला ऐकू आलं अळू. परसातलं अळू कॅन्सरच्या जनुकात शिरलं कसं, ते कळेना. (हसलीस, पण समजावून सांगितल्यावर.) १९९४ साली जनुक हाती लागलं तेव्हा आलू नावाचा, जिनोममध्ये, म्हणजे आपल्या साऱ्या डीएनएत, ठिकठिकाणी आढळणारा तुकडा चुकून एक्सॉन धरला गेला. पुढे तो वगळला, पण त्यानंतरचे क्रमांक कुणी सरकवले नाहीत. म्हणून तीननंतर थेट पाच. आणि आलू प्रायमेटांतच, म्हणजे माणूस-माकडांच्या गटातच, असतो. मी तो उंदरातही शोधत बसले होते.

रविवारी तू घरीच आलीस. पडवीत कालनिर्णयाची पाठकोरी पानं चिकटवून पट्ट्या केल्यास, डीएनएच्या शंभर अक्षरांना एक सेंटीमीटर. बरेचसे एक्सॉन नखाएवढे आणि अकरावा एकटा चौतीस सेंटीमीटर! आईने विचारलं, "कसलं माप घेताय गो?" तिन्ही पट्ट्या एकाखाली एक मांडल्या, तर तिन्हींत अकरावा तसाच लांबलचक, अखंड. या जनुकावरून बनणाऱ्या माणसाच्या प्रथिनात १८६३ अमिनो आम्लं, उंदराच्या १८१२. मधला भाग बराच बदललेला, दोन्ही टोकं मात्र पुष्कळशी जुळणारी. हे मी आधी वाचलं होतं, पण दिसलं त्या दिवशी.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून पहिलंच विचारलं, "यात चार कुठाय?" मला हसू आवरेना.

गणपतीला येशीलच. फदफदं तुला आवडत नाही, हे आईच्या लक्षात आहे. वड्या करणार आहे.

तुझी,
सड्यावरची