मनू रडत नाही, सुने

शिवाजी पेठ, कोल्हापूर

सुने,

फोनवर हे बोलता येईना. सासूबाई खाटेशेजारीच असतात, आणि बाळू माझा आवाज ऐकला की उठतो. आत्ता तो पिऊन, ढेकर देऊन झोपलाय, तोवर लिहून घेते. माझी तब्येत बरी आहे. टाके भरले, दूध भरपूर आहे, डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर चालू आहे. बास.

परवा मनू दारातल्या पायरीवर पडली. घरात कुणालाच पत्ता नाही. संध्याकाळी आंघोळीला लेगिंग काढायला गेले, तर गुडघ्याला चिकटलेली. कोमट पाणी घालत घालत सोडवली. खाली हे एवढं सोललेलं, त्यात माती. ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होती, पण रडली नाही. "कधी पडलीस? सांगितलं का नाहीस गं?" तर म्हणते, "बाळ निजलंतं."

पावणेतीन वर्षांची पोर, सुने!

हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. गडहिंग्लजला तुझ्या आजोळचा तो सोपा, तुझ्या भावाचा, राजूचा जन्म, आणि "मी कुणाला काही मागितलंच नाही" हे तू रंकाळ्याच्या कठड्यावर बसून सांगितलंस, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. इथं मात्र ज्याला त्याला मनूचं कौतुकच वाटतं. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई बाळंतविडा माझ्या हातात देते, आणि मनूच्या गालाला हात लावून म्हणते, "आता तू ताई झालीस, शहाण्यासारखं वागायचं हं." आणि ही वागते गं! मी बाळूला घेऊन बसले की न सांगता दुपटं आणून देते. काल तिच्या ग्लासात दूध ओतत होते, तेवढ्यात तो रडला. लगेच म्हणाली, "त्याला घे. मी नंतर पितो."

बाळूला दीड महिन्याच्या लशीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, धाकटं आलं की थोरलं पुन्हा अंथरूण ओलं करतं, बाटली मागतं, बाळासारखं रांगतं, चिमटेसुद्धा काढतं, आणि हळूहळू निवळतं. मी म्हटलं, आमची यातलं काहीच करत नाही. तेवढ्यात सुई टोचली, बाळूनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि पुढचं बोलणं तापाच्या औषधावर गेलं. शेजारची चिऊ भावाच्या पाळण्यात चेंडू फेकते म्हणून तिची आई रडकुंडीला आलीय. मला तिचा हेवा वाटतो. हट्ट करायला आपलं कुणीतरी ऐकणार ही खात्री लागते. मनूची ती खात्री गेली की काय, ह्या भीतीनं मला झोप येत नाही.

मध्येच उठला. आता रात्रीचं लिहितेय.

ह्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प बसले आणि मग शाहू स्टेडियमवरची मॅच सोडून मनूला फिरायला घेऊन गेले. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच, सुने! राजूला सांग, त्याचा विश्वास बसणार नाही. त्या पेनल्टीवरनं त्या दोघांचं अजून धड बोलणं नाही, आणि तेव्हा तू भावाची बाजू घेतलीस हे मी विसरलेली नाही. पेनल्टी नव्हतीच ती.

सासूबाईंना म्हटलं, तिला सारखं शहाणी म्हणू नका. त्यांना लागलं. "गुणाच्या पोरीला गुणाची नको म्हणू?" त्यांचंही चुकत नाही, त्यांचा जीव आहे तिच्यावर. आप्पा काही बोलले नाहीत, पण आता रोज तिला गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बघायला नेतात, आणि वाटेत बाळाचा विषय काढत नाहीत. मला हे फार आवडलं.

मी दुपारी बाळू निजला की दार लावून घेते आणि त्याला लावते तसंच तेल मनूला लावते. पाय लांब करून, तिला पायांवर घेऊन. पहिल्यांदा अंग ताठ करून पडून राहिली, मग हळूच विचारलं, "बाळाला उरंल न्हवं?"

काय उत्तर द्यावं गं?

तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? फ्लॅटचा ताबा मिळाला? सगळं कळव, पण आधी हे सांग. तेव्हा आजोळी कुणी काय केलं असतं, काय म्हटलं असतं, म्हणजे तू रडली असतीस? तुझी आई न्यायला आली तेव्हा तिनं आधी तुला घ्यायला हवं होतं का? की काही न बोलता नुसतं जवळ बसायला हवं होतं? जे आठवेल ते लिही, वाईट असलं तरी.

चैत्रात जोतिबाला येशील तेव्हा हॉटेल बघू नकोस. आमच्याकडंच उतर आणि मनूशेजारी झोप. पण उत्तर त्याआधी पाठव, दोन ओळींचं असलं तरी चालेल.

तुझी,
शुभा