नोटीस पोचली

रामबाग, इंदूर
१८ जानेवारी

प्रिय अन्या,

तुलाही तिकडे भाडेकरूला नोटीस द्यायची आहे, आणि फोनवर घाईघाईत सांगितलेलं तुझ्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून लिहितो. खालच्या भाडेकरूंना जागा सोडायची नोटीस दिली.

कारण तुला ठाऊक आहे. आईला आता जिना चढवत नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं, आणि ती कठडा सोडत नाही. खाली आपल्याच तीन खोल्या आहेत, पण तोंडी विनवण्यांना "हाँ हाँ, देखते हैं" यापलीकडे उत्तर नाही. त्यात दिवाळीपासून भाडंही थकलेलं.

वकिलांपुढे मी फाटकात आडवी लावलेली स्कूटर, रात्री चालू राहणारी पाण्याची मोटर, सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यातलं काहीच घेतलं नाही. म्हणाले, राग कागदावर आला की समोरचा वकील म्हणणार, गरज कसली, हे तर भांडण. मग कागदावर राहिलं ते एवढंच: घर कुणाचं, कोणता भाग, भाडं किती, कधीपासून थकलं, आईची अडचण, आणि या शहरात आमच्या मालकीची राहण्याजोगी दुसरी जागा नाही. हे शेवटचं वाक्य हवंच. आमच्या मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाच्या, म्हणजे इथल्या भाडे कायद्याच्या, कलम १२ मध्ये तशी अटच आहे.

खरं तर स्वतःच्या गरजेसाठी आधी नोटीस द्यावीच लागते असं नाही. राज्याचा भाडे कायदा लागू असेल तिथे भाडेपट्टा संपवण्याची वेगळी नोटीस नको, हे सुप्रीम कोर्टाने १९७९ सालीच सांगितलंय. पण थकबाकीचा मुद्दा घ्यायचा तर मागणीची नोटीस पोचल्यापासून दोन महिने थांबावंच लागतं. पुण्यात तुम्हाला महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे कायदा, तिथे हेच नव्वद दिवस. तेव्हा माझा मसुदा जसाच्या तसा उतरवू नकोस. मी निवृत्त सरकारी नोकर, म्हणून गरजेच्या मुद्द्यावर मला दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडेही जाता येतं. तिथे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत भाडेकरूला लढायची परवानगी मागावी लागते. सरकारी नोकरीचा एवढा तरी उपयोग!

पाठवली पोस्टाने, पोचपावतीसह. फाटकावर पाटी माझ्या नावाची, म्हणून पोस्टमन लिफाफा घेऊन थेट माझ्याच दारात. वकिलाचा शिक्का वर ठळक. "नीचे वाले," एवढंच म्हणालो. खाली भाडेकरूच्या बायकोने ओल्या हाताने सही केली, आणि दार लागलं. घरच्या माणसाने घेतली तरी चालते, आणि नाकारली असती तर पोस्टाचा तसा शेरा आपल्या बाजूनेच धरला जातो.

संक्रांतीला हिने विचारलं, तिळगूळ खाली द्यायचा का? दिला. त्यांनीही गजक पाठवली वर. नवराबायको दोघंही जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत, पण आईची चौकशी हिच्याकडे रोज. ही माणसं वाईट नाहीत रे, तेच तर अवघड आहे.

काल एका महिन्याचं भाडं खात्यात जमा झालं. नोटिशीनंतर मुकाट्याने घेतलं तर ती मागे घेतली असा अर्थ काढतात, म्हणून "थकबाकीपोटी, हक्क राखून" अशी चिठ्ठी वकिलांकडून जाईल. वीज-पाणी तोडायचा सल्ला देणारे इथेही पुष्कळ भेटले; ते करू नकोस, उलट आपणच अडकतो.

तुझ्या करारपत्राची झेरॉक्स पाठव. थकबाकीचा हिशेब महिनावार लिही, एकरकमी आकडा नको.

तुझा,
बंड्या